पसारा आवरायचा कुणी

सोफाकाका हे नाव त्यांना लग्नानंतर मिळालं. त्याआधी गल्लीत सगळे त्यांना नुसतं 'सोफावाले' म्हणायचे, आणि मी तर काहीच म्हणत नसे. माझं सुई-दोरा, बटणं, चेन, लेस विकायचं दुकान. त्यांचं जुने सोफे-खुर्च्या नव्याने भरून द्यायचं. दोन्ही दुकानं समोरासमोर, मध्ये एक हातगाडी जाईल एवढी गल्ली. ते जाड दोऱ्याचं रीळ मागायला यायचे, मी द्यायची, ते मान हलवून जायचे. इतक्या वर्षांत आम्ही जे बोललो असू ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं, आणि वर पत्ता लिहायलाही जागा उरली असती.

माणूस टापटिपीचा, पण इतका की बघणाऱ्यालाच धाप लागावी. खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकानात प्रत्येक हत्याराला भिंतीवर आपापला खिळा. फोमचे तुकडे मोठ्यापासून छोट्यापर्यंत रचलेले, रेक्झिनच्या गुंडाळ्या रंगाप्रमाणे उभ्या. संध्याकाळी झाडून झालं की ते गुडघ्यावर बसायचे आणि पार खाली वाकून बघायचे, कुठे एखादी चूक राहिली का. चूक म्हणजे कापड ठोकायचा बारीक खिळा. गिऱ्हाइकाच्या पायात जायला नको, म्हणायचे.

वडील लवकर गेल्यामुळे ते लहानपणीच मामाच्या दुकानात कामाला लागले होते. मामा हात उगारणारा नव्हता, पण वाया गेलेलं सुतळीचं टोकही त्याला खपायचं नाही. एकदा दुपारी सगळे झोपलेले असताना यांनी उरलेल्या चिंध्यांचा एक ससा शिवला होता. मामाने तो शांतपणे हातात घेतला, उसवला, आणि चिंध्या पुन्हा गठ्ठ्यात ठेवल्या. हे त्यांनी मला पुढे केव्हातरी सांगितलं, तेही हसत.

सिस्टर त्यांच्याकडे आली ती एक खुर्ची घेऊन. इस्पितळात नर्स असल्यामुळे तिला दूधवाल्यापासून घरमालकापर्यंत सगळेच सिस्टर म्हणत. पहिल्या नवऱ्याने संसार अर्ध्यावर टाकून दुसरीकडे मांडला होता. पदरात दोन मुलं, हातात नोकरी, आणि बसायला ती एकच बरी खुर्ची, जिची स्प्रिंग वर आली होती. काम एका दुपारचं. पण सोफावाल्यांनी त्या खुर्चीला इतके दिवस लावले की मला वाटलं, हे आता तिला मजला चढवतात की काय. सिस्टर दर दोन दिवसांनी 'झाली का' विचारायला येई, आणि ते 'जरा पाठ राहिलीये' म्हणत. शेवटी खुर्ची तिथेच राहिली, आणि सिस्टर मुलांना घेऊन वरच्या दोन खोल्यांत राहायला आली. लग्न त्यांनी गाजावाजा न करता नोंदवलं. साक्षीदार म्हणून सही करायला मी गेले होते.

मुलगी चार-पाच वर्षांची. सापडेल ते खिशात भरून ठेवायची, खारीसारखं, म्हणून तिला खारू म्हणत. मुलगा नुकता चालायला लागलेला. रडायला लागला की तीन घरांपलीकडे ऐकू जायचं. तो भोंगा.

सिस्टरची ड्यूटी कधी सकाळी, कधी दुपारी, कधी रात्रभर. ती नसेल तेव्हा मुलं सोफावाल्यांकडे. या माणसाला मुलांशी बोलायची सवयच नव्हती. गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलायचे.

"बोला, आपल्याला काय हवंय?" ते भोंग्याला विचारायचे, आणि भोंगा वाजायला लागायचा.

त्यांनी खडूने दुकानाच्या मधोमध एक रेघ ओढली. अलीकडे मुलं, पलीकडे काम. खारूने रेघेवर उभं राहून पलीकडचं सगळं डोळ्यांनी टिपून घेतलं. "काका, त्या डब्यात काय आहे?"

"चुका."

"एवढ्या? सगळ्या तुझ्या?"

ते काम थांबवून तिच्याकडे बघत राहिले. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "हो," ते म्हणाले. "सगळ्या माझ्या."

रेघ फार दिवस टिकली नाही. एका दुपारी ते जुन्या अवजड सोफ्याचं पोट उघडून बसले होते. आतला काथ्या बाहेर काढून ढीग केला होता आणि कापड मापायला पाठ वळवली होती. मी समोरून बघत होते, पण मला आधी कळलंच नाही काय चाललंय ते. खारूने चिकटवायच्या सोल्युशनचा डबा उघडला होता आणि भावाच्या अंगाला ते फासून वर काथ्या लावला होता. डोक्याला, गळ्याला, पोटाला. सोफावाले वळले, आणि समोर हा केसाळ प्राणी.

त्यांचा चेहरा लाल झाला. तोंड उघडलं. पण त्याआधी खारू म्हणाली, "काका, हा सिंह आहे. तू घाबर."

आणि भोंग्याने, जो एरवी काडी मोडली तरी रडायचा, छाती फुगवून अशी डरकाळी फोडली की सोफावाल्यांच्या हातातली टेप खाली पडली. मग मला एक आवाज ऐकू आला. आधी वाटलं, काहीतरी कोसळलं. उठून दारात आले तर ते हसत होते. हसण्याची सवय नसलेला माणूस हसतो तसं, पोट धरून, भिंतीला टेकून. हसून झाल्यावर त्यांनी फोमचा एक लांब तुकडा घेतला, त्याच्या टोकाला सुतळीचा गोंडा बांधला आणि सिंहाला शेपूट लावून दिलं.

संध्याकाळी सिस्टर आली. तेल लावून, कोमट पाण्याने, एकेक काडी सोडवत तिने मुलगा पुन्हा मुलगा केला. ते शेजारी बसून डरकाळी कशी होती ते करून दाखवत होते. त्या दिवशी सिस्टरही हसली. "अहो, तुमच्या अंगात आलंय का?" म्हणाली. तो आनंद मी डोळ्यांनी बघितला आहे, म्हणून पुढचं सांगताना मला कुणा एकाची बाजू घेता येत नाही.

त्यानंतर त्या घराचा नूर पालटला. गिऱ्हाइकांना दुकान पूर्वीसारखंच दिसायचं, थोडंफार. पण वर गेलं की पाय कुठे ठेवावा ते कळायचं नाही. टेबलाखाली चपलांचं इस्पितळ होतं. प्रत्येक चपलेला पट्टी बांधलेली, उशाशी पाण्याची वाटी, आणि ज्या पेशंटला ताप असेल त्याच्यावर ओलं फडकं. सगळ्या घराच्या चपला आजारी असल्यामुळे सोफाकाका (एव्हाना ते गल्लीचे सोफाकाका झाले होते) कित्येकदा अनवाणीच खाली यायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "उजवीला बरं आहे, डावीला अजून सोडलेलं नाही."

भिंतीवर खारूने निळ्या रंगाचं काहीतरी काढलं होतं ते हात पुरेल तिथपर्यंत गेलं होतं. मग काकांनी तिला खांद्यावर घेतलं, आणि ते छतापर्यंत गेलं. काय आहे म्हणून विचारलं तर रोज उत्तर वेगळं. एकदा नदी, एकदा आईची ड्यूटी, एकदा "हे अजून ठरायचंय." भोंग्याची आवड वेगळी होती. त्याला कालवायला आवडायचं. पाणी, माती, पीठ, कागद, आईची पावडर, जे मिळेल ते बादलीत घालून तो तासन्‌तास ढवळायचा, आणि काकांना चमचाभर वाढायचा. ते मिटक्या मारून खाल्ल्याचं नाटक करायचे. सगळंच नाटक असायचं असं मात्र मला वाटत नाही.

माझ्याकडे येऊन ते आता बोलायला लागले होते. "ताई, फुटकी बटणं टाकू नका हं. खारूला लागतात."

"काय करते त्यांचं?"

"प्रत्येकाला नाव आहे. तो जो तपकिरी आहे ना, अर्धा तुटलेला, तो काळजीवाहू. रात्री बाकीच्यांना मोजतो." सांगताना त्यांचे डोळे असे चमकायचे की समोरचं गिऱ्हाईक सोडून मी ऐकत राहायची. एकदा म्हणाले, "मला लहानपणी कुणी काही मोडू दिलं नाही, ताई. मोडल्याशिवाय आत काय आहे ते कळतच नाही, हे मला आत्ता कळतंय."

घरात सिस्टर त्यांना 'अहो' म्हणायची. दुकानात येणारे जाणारे 'तुम्ही' म्हणायचे, मीही. 'तू' म्हणणारी माणसं या जगात दोनच होती. "काका, तू ये." "काका, तू घोडा." "काका, तुझं नाक दे." गल्लीत कुणी वडीलधारं म्हणालंच की मुलांना जरा वळण लावा, तर ते म्हणायचे, "असू द्या. गोड वाटतं."

आता सिस्टरचं सांगते.

रात्रपाळी करून ती सकाळी यायची तेव्हा तिच्या पायांना पायपण उरलेलं नसायचं. तिला हवं असायचं ते एवढंच, एक मोकळा पलंग आणि एक धुतलेला कप. पलंग बहुतेक वेळा जहाज झालेला असायचा. चादरी शिडं म्हणून बांधलेल्या, आणि समुद्र खरा वाटावा म्हणून ओल्या. कप सगळे कशात तरी गुंतलेले. कशात माती, कशात ब्रश. ती चादरी सोडायला लागली की खारू ओरडायची, "अजून किनारा आला नाही!" आणि काका म्हणायचे, "थोडं थांब ना. त्यांचं पुरं होऊ दे. मी आवरतो नंतर."

ते आवरायचे नाहीत असं नाही. आवरायला बसायचे, मग त्यात काहीतरी सापडायचं, ते खारूला दाखवायचे, आणि त्यातून नवं काहीतरी सुरू व्हायचं. ज्या माणसाने आयुष्यभर एक चूक जमिनीवर राहू दिली नाही, त्याला पसाऱ्याची अशी काही तहान लागली होती की दुसऱ्याच्या घशाला कोरड पडलीये हे दिसायचं बंद झालं.

एका सकाळी सिस्टर वर न जाता सरळ माझ्या दुकानात आली. अंगावर गणवेश, डोळे सुजलेले. "ताई, जरा बसू का?" म्हणाली, आणि स्टुलावर बसून खोक्यांना डोकं टेकलं ते झोपलीच. गिऱ्हाइकं आली-गेली, मी खुणेनेच बोलत राहिले. जागी झाल्यावर तिने तोंड पुसलं आणि म्हणाली, "माझ्या घरात मुलं तीन आहेत, ताई. मोठं माणूस एकच."

"त्यांना सांग ना मग."

"सांगते. दोन दिवस भांडी लखलखतात. तिसऱ्या दिवशी त्याच भांड्यांचा वाद्यवृंद होतो." ती हसली, पण ते हसू अर्ध्यातच विरलं. "वाईट असते ना, तर सोपं होतं. इतका जीव लावतात मुलांना. सख्ख्या बापाने लावला नाही एवढा. आणि मला वाटतं, मी कसली बाई आहे, मला याचा राग येतो. मी घरात आले की सगळ्यांचे चेहरे पडतात. मजा ती यांची, आणि ओरडायचं काम तेवढं माझं."

मी काकांशी बोलले. त्यांनी ऐकलं, मान खाली घातली, म्हणाले, "बरोबर आहे तिचं." आणि त्यांना ते मनापासून पटलं होतं. पण पटणं वेगळं, आणि सकाळी उठून कप विसळणं वेगळं.

मग गणवेशाचं झालं.

सिस्टरला वरच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावलं होतं. त्यासाठी तिने नवा पांढरा गणवेश शिवून आणला होता, दोरा माझ्याकडचाच. धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवला, आणि ती रात्रपाळीला गेली. त्या संध्याकाळी खारूला एक मोठा मासा करायचा होता. कागदावर मावेना, भिंतीवर जागा उरली नव्हती. काकांनी कपाट उघडलं, आणि एक पांढरं कापड काढून दिलं. त्यांना वाटलं, जुना गणवेश आहे, दुसरा आहेच तिच्याकडे. रेक्झिनला द्यायचा निळा रंग त्यांनी स्वतःच वाटीत ओतून दिला. मासा फार देखणा झाला. छातीपासून पायापर्यंत, प्रत्येक खवला बोटाने उमटवलेला, डोळ्याच्या जागी भोंग्याचा अख्खा तळहात.

सकाळी सिस्टर आली, आंघोळ केली, कपाट उघडलं.

काका मला म्हणाले, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती तो गणवेश मांडीवर घेऊन पलंगावर बसली. मुलं दारात उभी होती. खारू म्हणाली, "आई, हा तुझ्यासाठी." तेव्हा सिस्टरने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "सुंदर आहे. खूपच सुंदर आहे." मुलांना खाली पाठवलं. मग नवऱ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "खारूच्या फुटक्या बटणांची नावं तुम्हाला पाठ आहेत. माझ्या कपड्यांत नवा कुठला आणि जुना कुठला, ते माहीत नाही."

काकांनी सॉरी म्हटलं, पुन्हा म्हटलं. ती उठली, कुणा मैत्रिणीचा गणवेश मागून आणला आणि मुलाखतीला गेली. तिला ती जागा मिळाली. फक्त ती दुसऱ्या गावच्या इस्पितळात होती, बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. राहायला जागा तिकडूनच मिळणार होती, आणि तिची थोरली बहीणही तिथेच राहायची.

"मीही येतो," काका म्हणाले. "माझं काय, चार हत्यारं. कुठेही दुकान उघडेन."

सिस्टरने मुलांच्या धुतलेल्या कपड्यांची घडी घातली. मग म्हणाली, "नको."

"मी सुधारेन."

"तुम्ही बिघडलेले नाही आहात हो. मी दमलेय. मला काही दिवस अशा घरात राहायचंय की जिथे मी वस्तू ठेवीन आणि ती तिथेच असेल."

"आणि मुलं?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतंच. मुलं तिची होती. काकांचा त्यांच्याशी जो संबंध होता त्याला भांडायला जागा नव्हती. सख्खे नाहीत, चुलत नाहीत, आडनावापुरतेही नाहीत. नुसतेच काका, आणि काका तर रस्त्यावरच्या माणसालाही म्हणतात.

जायच्या दिवशी टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा होता. सिस्टरने प्रत्येकाला एकेक खोकं दिलं होतं, त्यात मावेल तेवढंच घ्यायचं. खारू सकाळपासून भरत होती, काढत होती, पुन्हा भरत होती. शेवटी तिने अर्धं खोकं काकांच्या दुकानात ओतलं आणि म्हणाली, "हे तू सांभाळ, मी आले की घेईन." ती रडली नाही, तिला राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते तिचं ठरत नव्हतं. भोंग्याला वाटत होतं सहल आहे. तो टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडला, "काका, तू मागच्या गाडीने ये!"

"येतो," काका म्हणाले.

टेम्पो गेल्यावर ते दुकानात काम करत बसले. मी चहा पाठवला, तो तसाच परत आला. संध्याकाळी ते वर गेले. थोड्या वेळाने मला राहवलं नाही म्हणून मीही गेले. दार उघडंच होतं.

सिस्टरने घर आवरून दिलं होतं. जाताना घाण टाकून जायला नको, एवढाच तिचा हेतू. बाई होतीच तशी. पण तिने ते इतकं मनापासून केलं होतं की भिंतीवरची निळी नदी छतापर्यंत घासून काढली होती. टेबलाखाली पुसलेलं. कप ओळीने पालथे. चपला दाराशी, जोडीजोडीने, पट्ट्या सोडलेल्या. काकांनी मी येण्याआधी कपाट भिंतीपासून ओढलं होतं आणि ते त्याच्या मागे बघत होते.

"इथेसुद्धा पुसलंय," ते म्हणाले. "कपाटामागे कोण पुसतं, ताई?"

मग ते जमिनीवरच बसले. मी त्यांना रडताना बघितलं ते तेवढंच. मी खाली गेले नाही. दिवा लावायचंही सुचलं नाही दोघांना.

सुरुवातीला ते दर महिन्याला जात. पाठीवर पोतं, त्यात फोमचे तुकडे, कापडाच्या पट्ट्या, सुतळी, माझ्याकडची फुटकी बटणं. परत आले की मला सगळं सांगायचे. सिस्टर जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरून द्यायची, मुलं पोत्यावर तुटून पडायची, खारूने मावशीच्या मांजरासाठी सोफा केला, असं काय काय. सिस्टर चहा द्यायची आणि आतल्या खोलीत जाऊन झोपायची. 'निवांत झोपते,' ते म्हणायचे, आणि त्यांना त्याचं समाधान होतं हेही खरं. दिवसेंदिवस तिचा चेहरा उजळत चालला होता. हेही त्यांनीच सांगितलं, काहीही हातचं न राखता.

मग मुलांचा अभ्यास वाढला. मग सिस्टर म्हणाली, महिन्याला नको, दमता तुम्ही. मग परीक्षा, मग भोंग्याचे कांजिण्यांचे दिवस, मग बहिणीकडचं लग्न. मुद्दाम कुणी दार लावलं नाही. ते आपोआप लोटलं जात होतं, वाऱ्याने लोटलं जातं तसं.

फोन असायचा. भोंगा नुसतं 'हं' म्हणायचा. खारू बोलायची. एके दिवशी काका रीळ घ्यायला आले आणि काउंटरपाशी उभेच राहिले.

"काय झालं?"

"काही नाही. खारूचा फोन होता." ते रिळाचं टोक बोटाला गुंडाळत होते. "मला म्हणाली, काका, तुम्ही केव्हा येणार."

मला पटकन कळलं नाही. "मग जा की."

"'तुम्ही' म्हणाली, ताई."

"मोठी होतेय," मी म्हटलं.

"हो. कुणीतरी शिकवलं असणार. चांगलंच आहे, मोठ्या माणसांना तसंच म्हणावं." ते वळून गेले, आणि रीळ माझ्याच काउंटरवर राहिलं.

शेवटचे गेले ते गेल्या वर्षी. मध्ये बराच काळ लोटला होता. पोतं भरताना त्यांनी माझं दुकान पालथं घातलं. चांगली, न फुटलेली बटणंही घेतली. "आता ती अकरा वर्षांची आहे," म्हणाले, "फुटकी कशी नेऊ?"

तिकडे काय झालं ते त्यांनी मला सगळं एका दमात सांगितलं नाही. थोडं त्या आठवड्यात, थोडं नंतर, काम करता करता.

खारू उंच झाली आहे. केस घट्ट बांधलेले, टेबलावर वह्या कोपऱ्याला कोपरा लावून ठेवलेल्या. ती शाळेच्या संघातून धावते. तिने पोत्यात डोकावून बघितलं, आणि तिला काकांचं मन मोडायचं नव्हतं हे त्यांना दिसत होतं. "छान आहे," ती म्हणाली. "पण काका, मी आता ते करत नाही. तेव्हा मी लहान होते."

"हो, हो," काका म्हणाले. "अगदीच लहान होतीस."

भोंगा आता भोंगा राहिलेला नाही. हळू बोलतो, चष्मा लागलाय. तो काकांच्या शेजारी बसून म्हणाला, "आई म्हणते आम्ही तुमच्याकडे राहायचो."

"राहायचात ना."

"मला काहीच आठवत नाही." मग जरा विचार करून, "मी काय करायचो तिथे?"

"कालवायचास."

"म्हणजे?"

काकांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. बादली, पाणी, पीठ, पावडर. मुलगा लक्ष देऊन ऐकत होता, धडा ऐकावा तसा. मग त्याने पोत्यातला एक फोमचा तुकडा हातात घेऊन दाबला, सोडला. "याचं काय करायचं असतं?"

"काहीही."

"काहीही म्हणजे काय?"

सोफाकाकांनी पोत्यातून आणखी एक तुकडा काढून त्याच्या हातात दिला. मला म्हणाले, "ज्याने मला शिकवलं, तोच विचारत होता, ताई. मी काय सांगू?"

जेवणं झाल्यावर काका उठून मोरीपाशी गेले आणि भांडी घासायला बसले. सिस्टर मागून आली. "अहो, राहू द्या. पाहुणे आहात तुम्ही."

"होतील पटकन."

ती दारात उभी राहून बघत राहिली. ताटं, वाट्या, मग पातेल्याचं बूड. "कधी शिकलात?"

"एकट्याची असतातच ना रोज."

तिने फडकं घेतलं आणि ते देतील ते भांडं पुसायला लागली. मग म्हणाली, "खारूचं मनावर घेऊ नका. तुमच्याकडे राहिली असती तरी ती मोठी झालीच असती."

"माहीत आहे मला."

"मग?"

"होताना बघितली असती," काका म्हणाले.

सिस्टरने हातातलं भांडं बाजूला ठेवलं. तिने त्यांच्या ओल्या हाताला एकदा हात लावला, आणि काढून घेतला. डोळे भरून आले होते का, असं मी विचारलं. ते म्हणाले, मी बघितलं नाही, माझेच पुसत होतो.

पोतं त्यांनी तिथेच ठेवलं. सिस्टर म्हणाली, इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात देईन. दिलंही असेल, ती शब्दाची पक्की आहे.

आता ते वर राहत नाहीत. त्या खोल्यांत माल ठेवतात आणि स्वतः दुकानातच झोपतात, जो सोफा त्या वेळी हातात असेल त्याच्यावर. काम अजून तितकंच चोख. मी परवा सहज विचारलं, "यंदा जाणार का मुलांकडे?"

"बोलावलं तर जाईन." ते एका खुर्चीची पाठ ताणत होते, तोंडात चुका धरलेल्या, त्या काढून हातावर घेतल्या. "मागच्या वेळी गेलो ना, तेव्हा खारूने पाणी आणून दिलं. ट्रेमधून. ग्लास अगदी काठोकाठ भरलेला. स्वयंपाकघरापासून खुर्चीपर्यंत आली, आणि एक थेंब सांडला नाही."

"मग चांगलं आहे की," मी म्हटलं.

"चांगलंच आहे," ते म्हणाले, आणि पुन्हा खुर्चीकडे वळले.